लव्हाळा काढण्याबाबत

लव्हाळा कोणी लावत नाही. तो आपल्या मनानं येते. जिथं पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल लागते, जिथं आपल्यासारख्याले उभं राहवत नाही, तिथं त्याचं बस्तान. त्याची काडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. गवतासारखी गोल नाही लागत, तीन धारा लागतात बोटाले. जेठात तलाव आटून भेगा पडतात, तवा वरून सारा वाळून जाते, ढोरं चरतात, पोट्टे काडी लावून पेटवून देतात. पण खाली चिखलात त्याच्या गाठी जित्त्या असतात. चार सरी पडल्या की आठ दिवसांत हिरवा. इतकं चिवट मी दुसरं काही पाहिलं नाही, ना झाड ना माणूस. अन् त्याले मी काढलं. यंत्र सरकारचं होतं, पण अर्ज माझा होता.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आमच्या यायची, म्हणजे मालकांची, नोकरी रेल्वेत. बदली होऊन रायपूरले आलो तवा हे शहर राजधानी-बिजधानी काही नव्हतं. बरीच वर्षं रेल्वेच्या क्वार्टरात काढली, मंग तलावाच्या काठाले एक प्लॉट घेऊन घर बांधलं. तलावाच्या या बाजूले आमच्यासारखी नोकरीवाल्यांची घरं, त्यात चार-सहा मराठी. त्या बाजूले केवट पारा, म्हणजे केवटांची वस्ती. केवट म्हणजे मासोळी धरणारे, शिंगाडे लावणारे लोक. अन् दोहीच्या मधात, जिथं तलाव उथळ होता, तिथं लव्हाळ्याचा पट्टा. चांगला चार घरांएवढा.

त्या पाऱ्यातली एक बाई माझ्या घरी मासोळी द्यायले यायची. माझ्याच वयाची, काळी, उंच, हसली की सारे दात दाखवणारी. पहिल्या वर्षी मले तिचं बोलणं समजे ना, तिले माझं. तरी आम्ही दोघी ओट्यावर बसून तासतासभर बोलत होतो. काय बोलत होतो देव जाणे. मंग एका श्रावणात तिनं मले भोजली बदायले नेलं. या मुलखात बाया टोपलीत गहू पेरतात, अंधारात ठेवतात, पिवळी नाजूक रोपं येतात, तिले भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नेऊन तलावात शिरवतात. तिथं पाण्यात उभं राहून एकमेकीच्या कानामागं ती रोपं खोसली की तुम्ही जन्माच्या मैत्रिणी. त्या दिवसापासून एकमेकीचं नाव घ्यायचं नाही. ती मले भोजली म्हणेल, मी तिले भोजली. भेटलं की 'सीताराम भोजली'. सख्ख्या बहिणीशी भांडता येते, भोजलीशी नाही. आमच्या यायनं घरी आल्यावर कानामागचं गवत पाहिलं अन् म्हणाले, "हे काय, बकरी मागं लागन ना." पण दुसऱ्या दिवसापासून तेही तिले भोजली म्हणू लागले.

मले शिकवलं तिनं. मी चौथी शिकलेली, पुढचं सारं किराण्याच्या पुड्यांवरचे कागद वाचून. तिले अक्षर येत नव्हतं, पण तलाव सारा वाचता येत होता. सकाळी मले बोलावून न्यायची. म्हणे, बोलू नको, पाय ओढू नको, फक्त पाहा. लव्हाळ्याच्या पोटात पाणकोंबडीनं काड्या वाकवून वाकवून ताट केलेलं राहे अन् त्यात अंडी. कमळपक्षी लांब बोटांनी पानांवर चालून राहिला तर मागं त्याची पिल्लं, बोराएवढी. थंडीत अडया बदकं यायची, रात्रभर शीळ घालायची. बिया धरल्या की इवल्याशा मुनिया थव्यानं यायच्या. एका काडीवर तीन तीन बसत, तरी काडी मोडत नव्हती. अन् पाण्यात खाली, मुळांमधात, मासोळीची टाचणीएवढी पिल्लं. मोठी मासोळी तिथं शिरू शकत नाही, म्हणून ती वाचतात. बेडूक तिथं, चतुर तिथं, पाणदिवड साप तिथं. एकदा मी तिले विचारलं, एवढ्या सापबिच्छूच्या जागेची तुले भीती नाही वाटत? ती म्हणे, "ए मन नइ रहिहीं त तरिया म का बाँचही, भोजली? पानी भर." हे नाही राहिले तर तलावात काय उरन, नुसतं पाणी.

त्या लव्हाळ्यातच पसहर व्हायचा. पसहर म्हणजे आपोआप उगवलेलं धान, लालसर, बारीक. भादव्यात इथं कमरछठ येते. लेकरांच्या आयुष्यासाठी माय उपास धरते अन् नांगर लागलेल्या जमिनीतलं काही खात नाही. मंग काय खायचं? तर पसहर. त्याले ना नांगर लागत, ना मालक. भोजली अन् पाऱ्यातल्या बाया दिवाळीच्या आधी कमरभर पाण्यात शिरून पसहराचे झुबके बांधत अन् टोपली खाली धरून झटकत. पहिला झटका टोपलीत घ्यायचा नाही. तो पाण्यात पडू द्यायचा, चिरई-मासोळीच्या वाट्याचा. लव्हाळाही कापत तो कडेकडेनं, पिल्लं उडून गेल्यावर. पोटातला पट्टा कधीच नाही. कोणी कायदा केला नव्हता, पण कोणी मोडतही नव्हतं. त्या बाया पसहर वर्षभर सांभाळत अन् कमरछठच्या आधी बाजारात विकत. माझ्या वाट्याचा अच्छेर ती घरी आणून देई. पैशाचं नाव काढलं तर रागावे. मीही माझ्या दोन लेकरांसाठी उपास धरू लागली होती. सासूबाईले कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आपले उपास कमी पडले का तुले?

मंग राज्य नवीन झालं. रायपूर राजधानी झाली. रातोरात झाली असं नाही, पण आम्हाले तसंच वाटलं. भाडे वाढले, लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या, जिकडं-तिकडं खोदकाम. माझ्या लेकाची पोट्टी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देऊ लागली अन् आम्हीही उगीच ताठ चालू लागलो. राजधानीत राहतो आम्ही.

त्या भादव्यात नागपूरची माझी जाऊ महालक्ष्म्यांसाठी आली. तिनंच विषय काढला. विसर्जनाले तलावावर गेलो तर तिची नवीन साडी लव्हाळ्यात अडकली अन् चप्पल चिखलात राहिली. बाकीच्या मराठी बाया पाहून राहिल्या होत्या. ती हसतच म्हणाली, "राजधानी म्हणे. आमच्या गावाकडं म्हशी बसतात असल्या डबक्यात." मले ते लागलं. किती लागलं ते आता सांगताना लाज वाटते. रात्री झोप नाही आली. तिच्या शब्दाचा राग यायच्या ऐवजी मले तलावाचा राग आला.

आमचं छोटंसं महिला मंडळ होतं. हळदीकुंकू, हनुमान जयंती, कोणाच्या घरी काही असलं की स्वयंपाकाले जायचं, एवढंच. अर्ज लिहायचं काम माझं. नळाले पाणी नाही, खांबावर दिवा नाही, मीच लिहीत होती. हिंदी मी वर्तमानपत्रातून उचललेली. असे असे शब्द टाकायची की वाचणाऱ्यानं विचारावं, बाई किती शिकली आहे? मी अर्ज लिहिला. विषय, तालाब के सौंदर्यीकरण बाबत. काठ बांधून द्या, घाट पायऱ्यांचा करा, लाइट लावा. अन् त्याच्या खाली एक ओळ : तालाब में उगी समस्त जंगली घास को समूल हटाया जाए. 'समूल' शब्द मी दोन दिवस आधी पेपरात वाचला होता. तो वापरायचाच होता मले.

आमचे हे खुर्चीवर बसून ऐकून राहिले होते. बोलणं कमी त्यांचं. म्हणाले, "लव्हाळा काहून? तो काय मागून राहिला तुमच्याजवळ?"

मी म्हटलं, मच्छर होतात. साप होतात. लोक हसतात.

ते म्हणाले, "लोक नाही हसत. एक बाई हसली."

मी ऐकलं नाही.

आमच्या सह्या कमी पडत होत्या. कोणीतरी म्हटलं, केवट पाऱ्याचे अंगठे घ्या, गरिबांचे अंगठे असले की अर्ज लवकर चालते. मी भोजलीकडं गेली. ती जाळं विणून राहिली होती. मले पाहून उठली, पाट पुसून बसायले दिला. काय लिहिलं हे विचारलं तिनं. मी म्हटलं, तलाव साफ करायचं लिहिलं आहे. हे खोटं नव्हतं. पण ती ओळ मी वाचली नाही. काहून वाचली नाही? मले माहीत होतं, म्हणून वाचली नाही. ती हसली, म्हणाली, "तैं लिखे हस त बने लिखे होबे." तू लिहिलं म्हणजे चांगलंच लिहिलं असन. तिनं शाईत अंगठा बुडवला. मंग स्वतः घरोघर फिरून पाऱ्यातल्या बायांचे अंगठे घेऊन दिले. साऱ्यांनी तिच्या भरवशावर दिले अन् तिनं माझ्या.

अर्ज मंजूर व्हायले दोन वर्षं लागली. मी तर विसरलीही होती. आषाढ संपत आला होता, पाऊस दोनदा येऊन थांबला होता, तवा एक दिवस यंत्र आलं. पिवळं, मोठ्या पंज्याचं. मी आनंदानं बाहेर आली. कामावरच्या लोकांसाठी चहा ठेवला. हे मी लपवत नाही. मी चहा ठेवला, किटली भरून नेली अन् काठावर उभी राहून पाहून राहिली.

पंजा लव्हाळ्यात गेला अन् मुळासकट वर आला. काळ्या चिखलाचा गोळा, त्यात पांढरी मुळं, गाठी, अन् त्याच्या मधात एक काड्यांचं ताट, वाकडं झालेलं. पाणकोंबडी ओरडत सुटली. तिचा आवाज तसाही कर्कश, पण त्या दिवशी ती काठाकाठानं धावत होती, पंज्याकडं जात होती अन् मागं येत होती. आषाढ म्हणजे त्यांच्या अंड्यांचे दिवस. हे मले भोजलीनंच सांगितलेलं.

पाऱ्यातून बाया धावत आल्या. भोजली सरळ पाण्यात शिरून यंत्रासमोर उभी राहिली. कामावरचा बाबू चांगला माणूस होता, ओरडला नाही. त्यानं फाइल उघडून कागद दाखवला. म्हणाला, "अम्मा, आप ही लोगों ने तो लिखवाया है. ये देखो, अंगूठा किसका है?"

ती पाण्यातून बाहेर आली. फाइलमधला कागद पाहिला. तिले काय दिसलं असन? निळे ठिपके. मंग ती माझ्याकडं आली. माझ्या हातात किटली. तिनं बाबूकडून कागद मागून घेतला अन् माझ्यासमोर धरला. म्हणे, वाच. सारा वाच.

मी वाचला. त्या ओळीशी आल्यावर तिनं थांबवलं.

"समूल माने?"

"जर समेत," मी म्हटलं. मुळासकट.

"हव," ती म्हणाली. एवढंच. कागद बाबूले दिला, बायांले हातानं इशारा केला, चला. साऱ्या ओल्या लुगड्यांनी निघून गेल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण भोजलीशी भांडता येत नाही, तो नियम तिनं पाळला. मी किटली घेऊन तशीच उभी. बाबू म्हणाला, चाय ठंडी हो रही है.

आठवड्यात पट्टा साफ झाला. मंग सिमेंटची भिंत, फरशी, बाक, मधात फवारा, रात्री त्याच्यात लाल-निळा उजेड. पुढच्या महालक्ष्म्यांले जाऊ आली. पायऱ्यांवरून अलगद उतरली, साडी भिजली नाही. म्हणाली, "आता कसं शहरासारखं वाटते." तिनं मनापासून म्हटलं होतं. मले तिची पहिली टिंगल बरी वाटली.

मच्छर जातील म्हणून मी लिहिलं होतं. मच्छर दुप्पट झाले. बेडूक नाही, चतुर नाही, त्यायले खाणार कोण? तिसऱ्या वर्षी पाणी हिरवं गर्द झालं अन् एका चैतात सकाळी साऱ्या मासोळ्या उलट्या तरंगून राहिल्या होत्या. पांढरी पोटं. दोन दिवस पंडरीच्या बाजारापर्यंत वास गेला असन. मंग पाऱ्यातली जागा 'विकासात' आली, अन् केवट लोकांले शहराबाहेर सिलतऱ्याच्या रस्त्याकडं चार मजली घरं दिली. ज्यांच्या घरात जाळी वाळत होती, त्यांच्या गॅलऱ्यांवर आता कारखान्याची काळी भुकटी बसते. ती जाताना मले सांगायले आली नाही. पसहर मी अभनपूरच्या बाजारातून मागवू लागली. कोणी कुठून आणला, पहिला झटका दिला की नाही, काही ठाव नाही. दोन वर्षं खाल्ला, मंग उपास सोडून दिला. लेकरं माझी धडधाकट आहेत, पण मी काही मागायच्या लायकीची राहिली नव्हती.

आमचे हे गेले. त्यांच्या तेराव्याले पाऱ्यातलं कोणी आलं नाही. यायनं तर लव्हाळा काढायले नको म्हटलं होतं.

मागच्या दोन वर्षांत मी पुन्हा लिहायले बसली. गुडघे गेले, डोळे गेले, पण अक्षर तसंच आहे. आता पेपरात येते की तलावाच्या काठाले पाणगवत पाहिजे, त्यानं पाणी साफ राहते, पक्षी येतात. जसं काही कोणी नवीन शोध लावला. मी लिहिलं : भिंतीचा उथळ भाग तोडून तिथं पहिलेसारखा लव्हाळा येऊ द्या. लावायचीही गरज नाही, फक्त माती उघडी करा, तो आपोआप येईन. ऑफिसात एक पोरगी बसली होती, तिनं मन लावून वाचलं. म्हणाली, दादी, अच्छा है, पर अकेले का आवेदन है. तालाब के पुराने लोगों के दस्तख़त ले आइए.

मंडळातल्या बाया म्हणाल्या, काकू, पुन्हा साप आणता काय? एकीनंही सही दिली नाही. मंग पुराने लोग म्हणजे कोण? मी ऑटो केला अन् सिलतऱ्याच्या रस्त्याले गेली.

चौथा मजला. तीनदा बसत बसत चढली. दार तिनंच उघडलं. केस पांढरे, दात पडलेले, उंची तेवढीच. मी म्हटलं, सीताराम भोजली. ती आत वळून नातीले म्हणाली, कुर्सी ला, अन् माझं नाव घेतलं. नाव, अन् पुढं जी. या आल्या आहेत, पाणी आण.

एवढ्या वर्षांत तिच्या तोंडातून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. मी खुर्चीवर बसली.

चहा दिला. आमचे हे गेल्याचं कळलं होतं, वाईट वाटलं, म्हणाली. लेकरं काय करतात, विचारलं. सारं हिंदीत, आप-आप करून. मले छत्तीसगढी येते हे तिच्याइतकं कोणाले माहीत? मी तिच्या बोलीत बोलत होती, ती हिंदीत. शेवटी मी अर्ज काढला. काय आहे ते सांगायले लागली तर तिनं हात वर केला अन् कागद नातीले दिला. म्हणाली, पढ़. पूरा पढ़.

पोट्टी कॉलेजात जाणारी, खडखड वाचून गेली. तिनं पुन्हा वाचायले लावलं, हळू. प्रत्येक ओळीले थांबवलं, अर्थ विचारला. पक्ष्यांची नावं आली तवा तिनं खिडकीकडं पाहिलं. मले वाटलं, आता ती काही बोलन. मी पर्समध्ये शाईची डबी आणली होती.

वाचून झाल्यावर तिनं कागदाची नीट घडी केली अन् माझ्या हातात दिली.

"अच्छा लिखा है आपने," ती म्हणाली. "पर हमारा अब उधर क्या है?"

मी म्हटलं, लव्हाळा येईन पुन्हा. पाणकोंबडी येईन.

"आएगी तो आप देखिएगा."

मंग ती ऑटोपर्यंत सोडायले खाली उतरली. मी नको नको म्हणत होती. चार मजले उतरली अन् ऑटोवाल्याले म्हणाली, आरामात ने, वयस्कर बाई आहे.

अर्ज मी एकटीच्या सहीनं देऊन टाकला. दिवाळीनंतर काम झालंही. भिंत तोडली नाही. फरशीवर सिमेंटच्या मोठ्या कुंड्या ठेवल्या, रांगेनं. त्यात नर्सरीतून आणलेलं छत्रीसारख्या पानांचं विलायती रोप लावलं, दिसायले सुंदर. लव्हाळ्याच्याच जातीचं आहे म्हणतात. टँकरनं रोज पाणी घालतात, नाही घातलं तर चार दिवसांत माना टाकते. पाण्यापासून दहा हात दूर. त्याच्यावर मी आजवर एक मुनिया बसलेली पाहिली नाही, अन् बसन तर काय खाईन?

मंडळातल्या बाया तिथं फोटो काढायले गेल्या होत्या. येताना माझ्या घरी आल्या, मिठाई घेऊन. एक म्हणाली, "काकू, तलावाचं जे काही झालं ना, ते सारं तुमच्यामुळं झालं."

मी हो म्हटलं. मंग त्यांच्यासाठी चहा ठेवला.